ज्याचं जेवढं काम, तेवढीच नक्कल

आमच्या अमडापूरच्या नाटकमंडळाचे किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. माळ्यावर रिकामे डबे साचतात तसे ते आपोआप साचले. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात!

परवा पुण्याहून पुतण्या आला होता. तो कॉम्प्युटरवाला. सांगत होता, "काका, आमच्याकडे सगळ्यांच्या कामाचा एकच मोठा साठा असतो. कोणी काय बदललं त्याची नोंद त्यातच राहते. पण अख्खा साठा कशाला उतरवून घ्यायचा? लागतो तेवढाच भाग घ्यायचा. पार्शल चेकआउट!"

मी म्हटलं, "अरे, आम्ही त्याला नक्कल म्हणायचो!"

त्याला काही पटेना. मग त्याला जे ऐकवलं तेच तुम्हाला ऐकवतो.

* * *

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा. मी शाळेत मास्तर, अक्षर बरं, म्हणून मंडळाचा लेखनिक. नाटकं लिहायचे आणि बसवायचे आमचे देवमन गुरुजी. त्यांची मूळ वही एकच, चांगली दोनशे पानी.

एकदा ती वही संपतराव घरी घेऊन गेले. संपतराव म्हणजे मोठे शेतकरी, आणि आवाज असा की बैल बुजावेत! त्यांना सेनापतीचं काम होतं. आठ दिवसांनी वही परत आली, तर राजाचं अर्धं भाषण खोडून सेनापतीच्या तोंडी घातलेलं!

गुरुजी खवळले. संपतराव शांतपणे म्हणाले, "राजा म्हतारा हाये, गुरुजी. थो एवढं बोलन काय?"

त्या दिवसापासून मूळ वही गुरुजींच्या ट्रंकेत, कुलपात. प्रत्येकाला फक्त त्याची नक्कल. म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं, आणि त्याआधी दुसरा जे बोलतो त्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर आले की आपलं सुरू करायचं. माझी बोटं वाचली, आणि दुसऱ्याच्या भाषणावर हात मारायची सोयही गेली.

* * *

त्याच नाटकात राणी मी होतो. मिशी काढून!

रंगमंचावर मी एकटा, विरहाचं भाषण करतोय. संपतरावांच्या नकलेत लिहिलं होतं, 'कोण आहे तिकडे?' हे ऐकू आलं की तलवार घेऊन धावत यायचं. हे वाक्य राजाचं, आणि तेही पुढच्या प्रवेशातलं. पण मांडवात उशिरा आलेली एक म्हातारी अंधारात ओरडली, "कोन हाये तिकडं? सरका जराशे!"

झालं! संपतराव तलवार उपसून आत. "आज्ञा, महाराज!"

मी पदर सावरला आणि म्हणालो, "महाराज नाहीत घरी. उद्या या!"

* * *

नकलेचा एकच धोका. मूळ वहीत बदल झाला की सगळ्या नकला दुरुस्त कराव्या लागत. गुरुजींनी एकदा नायिकेचं नाव 'सुशीला' बदलून 'कमल' केलं. मी सगळीकडे खोडलं, फक्त बापाची नक्कल राहून गेली. नाटकभर सगळे तिला कमल म्हणताहेत, आणि बाप आपला हाका मारतोय, "सुशीला, ए सुशीला!"

पडदा पडला तरी लोक उठेनात. एक जण म्हणाला, "गुरुजी, थे दुसरी पोरगी काऊन नाही आली?"

* * *

आता दिगंबरचं सांगतो.

आमच्याकडे खलनायकाचं काम कोणी घेत नसे. वर्षभर गाव त्याच नावानं हाक मारायचं! म्हणून गुरुजींनी युक्ती काढली. दिगंबर चिखलीला कारकून, स्वभावानं गरीब. नाटकात तो भाचा, माधव. दुसऱ्या अंकात मामाला चहा द्यायचा आणि म्हणायचं, "मामा, दमलात. घ्या गरम गरम." मामा चहा पिऊन आत पडायला जातो. माधवचं काम संपलं.

त्या चहात विष होतं हे तिसऱ्या अंकात कळतं. तिसऱ्या अंकात माधव नाहीच. आणि तालमीला दिगंबर दुसरा अंक संपला की चिखलीची मोटार पकडायला पळायचा. नकलेत तर सगळी गोड वाक्यं!

प्रयोगाच्या दिवशी तो नाचतच आला. "गुरुजी, मलकापूरचे लोक येऊन राह्यले! पोरीचे वडील! म्या सांगतलं, माझं काम पाहा आन् मंगच ठरवा!"

तिशी उलटली होती बिचाऱ्याची. तीन ठिकाणांहून नकार आलेला. याचं लग्न माझ्या अक्षरानं मोडणार! मी गुरुजींना बाजूला ओढलं. "सांगून टाकू त्याला."

"आता सांगितलं तर चहा कोण देईल?" गुरुजी म्हणाले.

दुसरा अंक झकास झाला. टाळ्या पडल्या. दिगंबरनं तोंड धुतलं, आणि उरलेलं नाटक पाहायला थेट मुलीच्या वडिलांशेजारी जाऊन बसला. मी विंगेतून पाहत होतो. वडील खूश दिसत होते. मध्येच दिगंबर उठला आणि बाहेरच्या टपरीवरून कपबशी घेऊन आला. वाकून, दोन्ही हातांनी, त्यांच्यापुढे धरली.

नेमके तेव्हाच, फौजदाराच्या कामातले संपतराव रंगमंचावर गरजले, "मामांना चहातून विष देणारा दुसरा कोणी नाही! तो गोडबोल्या भाचा माधवच!"

सगळा मांडव वळून दिगंबरकडे पाहू लागला. कपबशी त्यानं तशीच पुढे धरलेली. चेहरा पांढराफटक. मुलीच्या वडिलांनी कपाकडे पाहिलं. मग रंगमंचाकडे. मग पुन्हा कपाकडे. टोपी नीट केली, आणि त्या चिडीचूप मांडवात सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले,

"जवाईबापू, पह्यले तुमी घ्या!"