डोहातला खूण केलेला खडस

अख्ख्या पुण्यात माशांशी अदबीने आणि माणसांशी तुसडेपणाने वागणारा एकच गृहस्थ असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात आहे. माझ्या नणंदेचे हे यजमान प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मुठेवरच्या एका पुलाखालच्या डोहात जाळं लावू लागले. मासे पकडायचे, मोजायचे, पराला बारीक खाच पाडून सोडून द्यायचे. खाचेचा मासा पुन्हा सापडला तर वहीत ‘जुना’, नाहीतर ‘नवा’. ओलं जाळं गॅलरीत वाळतं, त्यामुळे त्यांच्या घरी पाहुणे टिकत नाहीत. एकदा स्वारगेटच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, “काका, बादलीत मासे आहेत का?” भाऊजी म्हणाले, “नाहीत. तुमची बस बघून पोहत गेले.”

नणंदेचे गुडघे दुखायला लागल्यावर नोंदींची वही माझ्याकडे आली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण तो डोह मला आवडत नाही. वर पुलावर गाड्यांची रांग असते आणि खाली कमानीत एकही आवाज पोचत नाही. फेस जागचा हलत नाही. दोरी धरली की वाटतं, पलीकडूनही कोणीतरी धरली आहे. बाहेरून आलेले चिलापी मासे ढिगाने निघतात. त्यांना भाऊजी मुकाट्याने मोजतात. पण हातभर लांबीचा खडस आला की हात ओले करून त्याला उचलतात. “माफ करा हं, आपल्याला पुन्हा त्रास.” तो अजिबात धडपडत नाही, त्यांच्याकडे बघत राहतो. मी तेवढा वेळ वहीत बघते.

खडस या नदीचा मूळ रहिवासी. डोहात त्याची वस्ती टिकून आहे असं दाखवता आलं, तर तिथे राडारोडा टाकू नका म्हणून अर्ज करायचा, यासाठीच हा सगळा खटाटोप. परवा मी मागची पानं चाळली. चिलापी बहुतेक नवे. खडस मात्र पहिली नोंद सोडली तर प्रत्येक वेळी जुना, आणि प्रत्येक वेळी एकच.

“भाऊजी,” मी म्हणाले, “हा एकटाच आहे. पहिल्यापासून हाच येतोय. दुसरा डोहात नाहीच.”

खडस त्यांच्या हातात होता. “हळू बोला, वहिनी. त्याला अजून ठाऊक नाही.”

“मग अर्जाचं काय?” माझा आवाज आपोआप खाली आला.

“करायचा. एक आहे, म्हणजे आहेच. पुढच्या महिन्यात जरा वरच्या अंगाला जाळं लावू. याच्यासाठी एखादं स्थळ बघू.”

त्यांनी हात पाण्यात नेले आणि उघडले. मासा लगेच गेला नाही.