तांबड्या डबीचं शेवटचं वर्ष

दुकानात सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेची पायरी त्याने शिकायलाही फारशी चढली नव्हती. पण टीव्हीपुढे उभा राहून मशीनची माहिती देऊ लागला, की गिऱ्हाईक हातातली पिशवी खाली ठेवून ऐकत राही.

त्या दिवसांत व्हिडिओच्या चकत्यांची दोन घराणी भांडत होती. आकार एकच, चित्रही दोन्हींचं सारखंच लख्ख. पण तांबड्या डबीतली चकती निळ्या डबीवाल्या मशीनमध्ये घातली, की मशीन तोंड फिरवी. मास्तर दोन टीव्ही शेजारी लावायचा, दोन्ही मशिनं चादरीखाली झाकायचा आणि विचारायचा, "ओळखा पाहू, कुठलं कुठलं?" छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नसे.

मग तांबड्याचं मशीन स्वस्त होऊ लागलं. आधी थोडं, मग निम्म्यावर, मग पाव किमतीत. लोक म्हणाले, चंगळ झाली! मास्तरला खरं ठाऊक होतं. कंपनीचं पत्र मालकाने त्यालाही दाखवलं होतं: वर्षभरात तांबड्या चकत्या बंद.

"गोदामात वीस मशिनं पडलीत," मालक म्हणाला. "एक शब्द बाहेर गेला, तर मशिनांआधी तू बाहेर."

मास्तरचं वय छप्पन्न. या वयात त्याला दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

एके दुपारी शिंपीकाका आणि काकू आले. काकूंनी टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाकच लावलं.

"हिची नजर चाललीय," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर. चाळीस वर्षं काजं करून घेतली हिच्याकडून, सिनेमाला कधी सवड दिली नाही. आता ठसठशीत दिसेल असं द्या काहीतरी. हे स्वस्तातलं चालेल ना?"

मालक गल्ल्यावर कान टवकारून बसला होता. मास्तरने तोंडपाठ भाषण बाजूला ठेवलं.

"मशीन चालेल, काका. पण चकत्या वर्षभरात मिळेनाशा होतील. म्हणून तर स्वस्त आहे."

काका ओशाळून वळू लागले. काकू मात्र हसल्या.

"अहो, मग बरंच की! ते आणि माझे डोळे बरोबरच निवृत्त होतील. घ्या बांधून."

"काय बोलतेस हे!"

"खरं तेच बोलतेय. आणि चकत्या तुम्ही नका निवडू, नुसती मारामारी उचलाल. मास्तर निवडतील."

काकू स्टुलावर टेकल्या. मालकाने मास्तरला गोदामाच्या दाराशी ओढलं.

"गिऱ्हाईक भलं निघालं म्हणून निभावलं. पुढच्यालाही हेच सांगणार?"

"हो."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. आजचा दिवस तर आहे ना?"

उत्तराची वाट न पाहता तो तांबड्या डब्यांच्या ढिगापुढे मांडी घालून बसला. त्यातली एकूण एक चकती त्याने पाहिली होती. रात्रीचे, धुक्यातले, तळघरातले सिनेमे त्याने बाजूला सारले. समुद्र, भर दुपारचे बाजार, अगदी जवळून घेतलेले चेहरे, यांचा वेगळा ढीग तो रचू लागला.

"किती झाल्या हो?" काकूंनी विचारलं.

"बावीस."

"अजून बघा. वर्ष मोठं असतं."