अकरा पॅकेजांचे अप्पा

नव्या माणसाची ओळख करून दिली, की अप्पा नाव विचारत नसत. विचारत, "तुमाला काय काय लागतं?" बीडच्या कॉलेजात मी प्राध्यापिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मलाही विचारलं. मी म्हटलं, "दोन वेळा चहा." ते गंभीरपणे म्हणाले, "तसं न्हाई मॅडम. मशीनवर."

अप्पा आमच्या संगणक प्रयोगशाळेचे सहायक. पन्नाशीचे, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. त्या काळी गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि जो तो काहीतरी विकत होता. अप्पा मात्र लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची पॅकेजं बांधत, तीही फुकट. कुणीतरी परदेशात एक प्रोग्राम लिहितो. तो चालायला दुसऱ्याने लिहिलेला भाग लागतो, त्याला आणखी तिसऱ्याचा. कुणाला कुणाची कोणती आवृत्ती चालते ते तपासायचं आणि घेणाऱ्याला सगळं एका आज्ञेत मिळेल असं बांधून द्यायचं. अशी अकरा पॅकेजं त्यांच्याकडे होती. "सोयरीक जुळवायचं काम हाय," ते म्हणत. "फरक येवढाच, हितं मानपान न्हाई."

पुढे नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन ठरलं. एक बडे पुढारी येणार होते. त्यांचं स्वागत पडद्यावर मराठीत झळकलं पाहिजे, असा प्राचार्यांचा हुकूम सुटला. पण जोडाक्षरं फुटत होती; 'उद्घाटन' या शब्दाचेच तुकडे पडत होते. अक्षरं जुळवणारं पॅकेज अप्पांच्याच अकरांतलं. त्याची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात मराठी नीट दिसत होतं. मात्र ती बसवली, की तिच्यावर विसंबलेली उरलेली दहा बंद पडत, आणि मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षा त्यांच्यावरच चालल्या होत्या.

"एक दिवस चालवून घ्या ना, अप्पा," मी म्हटलं.

"एकाला बसवायला धाजनांला उठवायचं? कावून?"

त्यांनी दहाही पॅकेजं नव्या आवृत्तीवर पुन्हा बांधायला घेतली. उद्घाटन काही त्यांच्यासाठी थांबलं नाही. शेवटी पेंटरकडून फलक रंगवून घेतला आणि त्याच्यासमोर उभं राहून पुढाऱ्यांनी संगणकक्रांतीवर पाऊण तास भाषण केलं. दुसऱ्याच दिवशी अप्पांची बदली ग्रंथालयात झाली.

"करमतं का?" मी विचारलं.

"न्हाई. हितं कुनाला कुनाचं काईच लागत न्हाई."

दुपारच्या सुट्टीत ते बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन बसत. तीन आठवड्यांनी अकराही पॅकेजं एकदम जगासाठी खुली झाली. मी ती प्रयोगशाळेत बसवली, 'उद्घाटन' टाइप केलं आणि अप्पांना बोलावून घेतलं. शब्द पडद्यावर अखंड उमटला होता. अप्पा म्हणाले, "झ्याक. आता बंगाली बी बघा, ती बी ह्याच्यावरच जुळती." आम्हा दोघांनाही बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी खिशातून एक छापील बंगाली पान काढलं आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

दोन वर्षांनी कपिलधारच्या यात्रेहून परतताना अप्पा हृदयविकाराने गेले. ज्या पॅकेजला सांभाळणारा उरत नाही, त्याला पॅकेजं बांधणाऱ्या मंडळींत 'अनाथ' म्हणतात. मी सगळ्यांना ईमेलने कळवलं. अप्पांची पॅकेजं दोन दिवसही अनाथ राहिली नाहीत. सांत्वनाची पत्रं आली. बहुतेकांत एक वाक्य दुःखाचं आणि पुढे आवृत्तीविषयी शंका.

ती छापून घेऊन मी अप्पांच्या गावी, दिंद्रुडला, त्यांच्या धाकट्या भावाकडे गेले. घरचं कापडाचं दुकान तेच बघत. गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा एकेक पत्र मराठीत वाचून दाखवलं.

"दादाचं काम आता कोन बघतंय?"

"पाच जणांनी घेतलंय. वेगवेगळ्या देशांतले."

"पाच?" त्यांच्या हातातली कापडाची घडी तशीच राहिली. म्हणाले, "आन् आमी त्याला म्हनायचो, दुकानात येऊन बस, हितं एक मानूस कमी हाय."