पुसलेला कठडा

आमचा दया फोटोग्राफर आहे असं कुणी म्हटलं, की मला आधी त्याचं पुसणंच आठवतं. निपाणीहून बेंगळूरला आला तो चिकपेटेतल्या एका स्टुडिओत. लग्नाच्या अल्बममधून नको ते काढून टाकायचं, हे त्याचं काम. नवरीच्या हनुवटीवरचा फोड, मांडवातली मोडकी खुर्ची, मध्येच घुसलेला कुणाचा तरी मामा, सगळं साफ. "अक्का, असं पुसतो बघ, तिथं काय होतं हे देवालापण कळणार नाही," म्हणायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी त्याची थोरली बहीण, प्रणिता. बेंगळुरातच, येलहंक्यात साड्यांना फॉल-पिको करून देते. आई गेल्यावर दयाला मीच वाढवला, त्यामुळं त्याला शिव्या द्यायचा हक्कही माझाच.

सुट्टी मिळाली की हा तळ्यावर जाऊन चिखलात पालथा पडायचा आणि पक्ष्यांचे फोटो काढायचा. एका कॅलेंडरवाल्यानं त्यातले काही घेतले, मग हॉटेलं आली, मग सहलीच्या कंपन्या. स्टुडिओ सुटला. पण या धंद्यात पक्ष्यांपेक्षा खोल्या जास्त विकतात. रिसॉर्टवाल्यांचं एकच पालुपद, फ्रेम क्लीन पाहिजे. विजेच्या तारा नकोत, बादली नको, कपडे वाळत घालणारी बाई नको. पुसण्यात आमच्या दयाचा हात कोण धरणार!

घाटातल्या एका रिसॉर्टचा फोटो मात्र त्याला फळला. दरीच्या टोकावर काळा खडक, खाली नुसतं धुकं. खडकाच्या कडेला निळा लोखंडी कठडा होता, तो ह्यानं पुसला. फोटो असा गाजला की विमानतळाच्या रस्त्यावर त्याचा भलामोठा फलक लागला, आणि ह्याला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. आज केरळ, उद्या अंदमान. पुढच्या वर्षी तो त्याच खडकावर परत गेला, तर तिथं कठडा खरोखरच नव्हता. फोटोत आहे तसं इथं दिसत नाही, अशी पाहुण्यांची तक्रार होती म्हणे. मॅनेजरनं कठडा कापूनच टाकला. घरी येऊन हे सांगताना दया हसला होता. खुळ्यासारखा हसला मेला.

गेल्या श्रावणात त्याच खडकावरून एक मुलगी पडली. आश्लेषा तिचं नाव. मूळची पुण्याची, आयटीत नोकरी, इथंच बेंगळुरात के. आर. पुरमला राहायची. बातमी वाचली त्या दिवसापासून आमच्या घरात दोघांची तीन माणसं झाली.

दया कॉम्प्युटरवर तो फोटो उघडून बसायचा. फोटोत चिटपाखरू नाही, खडक आणि धुकं. आणि हा मला हाक मारून म्हणायचा, "अक्का, ती कडेला उभी आहे. तिला मागं ये म्हण की."

"काय बोलालास रे? शुद्धीवर आहेस का?" मी ओरडायची आणि बटण बंद करायची. पण बंद पडद्याकडं पाठ करायला मलाही भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कुणाचा फोटो उघडला तरी तो विचारायचा, "इथं कायतरी होतं का गं?" जिना उतरताना भिंत चाचपत उतरायचा. मी उतारा टाकला, अंगारा लावला, सौंदत्तीच्या देवीला नारळ बोलले. बाहेरची बाधा असती तर उतरली असती.

अशात त्या मॅनेजरचा फोन आला. बोलणं साखरेत घोळलेलं. कठडा तिथं कधी नव्हताच, मुलगीच बेपर्वा होती, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. पुरावा काय, तर दयाचा फोटो! मूळ फोटो शिल्लक असेल तर तेवढा काढून टाका, म्हणाला, आणि यापुढं आमच्या सगळ्या रिसॉर्टचं काम तुमचंच. दयानं "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणून फोन ठेवला.

"सरी काय सरी?" मी भडकले.

"मूळ फोटो बाहेर आला तर मला एकही रिसॉर्टवाला दारात उभा करणार नाही, अक्का. चिखलात लोळून उभं केलंय मी हे सगळं."

"मग टाक तोही पुसून. बस तिच्याकडं बघत जन्मभर."

रविवारी सकाळी दारात एक वयस्क गृहस्थ उभे. भगवंतराव, त्या मुलीचे वडील. तिची खोली रिकामी करायला आले होते, आणि फोटोवरच्या नावावरून आमचं घर शोधत पोचले होते. मी चहा दिला. त्यांनी हात लावला नाही.

"सगळे म्हणतात, पोरगी बेपर्वा होती," ते दयाला म्हणाले. "तिच्या आईनं ते ऐकून अन्न टाकलंय. अहो, माझी आशू एवढी मोठी झाली, तरी रस्ता ओलांडताना माझी बाही धरायची. तुम्ही त्या जागी उभे होतात. एवढंच सांगा, तिथे धरायला खरंच काही नव्हतं?"

दयानं माझ्याकडं बघितलं. तो उठला, मूळ फोटो काढला आणि त्यांच्यापुढं लावला. निळा कठडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"होता," दया म्हणाला. "फोटोत मी पुसला. मग त्यांनी कापला. हा तुम्ही घेऊन जा काका, पोलिसांना मी स्वतः सांगतो."

आता हे ह्याच्या थोबाडीत देणार, असं मला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. पण ते खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"पुसायला किती वेळ लागतो?"

"चहा निवायच्या आत होतं."

"दाखवा."

"काका, नको."

"कसं झालं ते मला बघायचंय. दाखवा."

दयानं फोटोची दुसरी प्रत उघडली. त्यानं कठड्याची पहिली दांडी पुसली. तिच्या जागी धुकं आलं, अगदी खरं वाटावं असं. दुसरी पुसली. तिसरीवर गेला, तसा भगवंतरावांनी त्याचा हात मनगटापाशी घट्ट पकडला.

"तेवढी राहू द्या," ते म्हणाले. "तिला धरायला."