ओढ्यापलीकडची हाळी

रविवार, सकाळचे दहा. हजर: मी, सातवीतली भाची आणि चुलीवरून उतरलेल्या नव्या तांदळाचा वास. भाचीनं इंग्रजीच्या वहीत ‘शाउट’समोर अर्थ लिहिला होता, ‘रागावून बोलणे’. मी सवयीनं कागद ओढून शब्द मांडू लागले. हाक जवळच्याला, किंकाळी भीतीची, आरोळी विकणाऱ्याची, बोंब नुकसानीची. हाळीपाशी पेन थांबलं. लांबच्या माणसापर्यंत पोचावी म्हणून दिलेली ती साद. तिच्यात राग नसतो. हे मला शाहूवाडीनं शिकवलं, तेही उशिरा.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी कोल्हापुरातल्या पेठेतून तिथल्या डोंगरउतारावर गेले. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी खालच्या भातखाचरातून “सूनबाईऽऽ” अशी हाळी दिली, आणि आपलं काय चुकलं या धास्तीनं मी रडत बसले. त्यांना फक्त चहा हवा होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ओ तरी दे की! त्याबिगर ते गप बसतील व्हय?” त्या रानात हाळीला ओ द्यावीच लागे. रोज दिवस कलताना ओढ्यापलीकडच्या उतारावरून सासऱ्यांचे एक जुने मित्र, ज्यांना मी काका म्हणे, हाळी देत, सासरे ओ देत. मग कुणाची गाय व्याली, कुठल्या खाचरात डुक्कर शिरलं, सगळं दरीवरूनच चाले. मी मात्र कामापुरतं, तेही शेजारी जाऊन, हळू बोलत राहिले.

दोन हजार सालानंतर सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गोळ्यांच्या वेळा, पथ्य, सगळं मी लिहून ठेवलं होतं. पलीकडच्या काकांना आवाज गेल्याचा निरोपही धाडला होता. तरी घरी आलो त्याच संध्याकाळी हाळी आली. सासरे अंगणाच्या कडेला गेले, तोंड उघडलं, नुसता श्वास बाहेर पडला. मान खाली घालून ते घराकडे वळले. आज हे आत गेले तर पुन्हा कधी त्या कडेला उभे राहणार नाहीत, एवढंच मला कळलं. आणि मी ओ दिली.

पलीकडून आलं, “आवाज बारीक का रं म्हाताऱ्या? जेवला न्हाईस व्हय?”

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. हातानं खूण केली, आणखी मोठ्यानं.

“जेवल्यात की! तुम्हीच या जेवायला!” मी ओरडले.

पुढं ते असेपर्यंत रोज हेच. ते खुणा करत, मी दरीभर ओरडे. आता त्या उतारावर मोबाइल चालतो, सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. माझा आवाज तेवढा पुन्हा खाली आला नाही. माहेरच्या पेठेतल्या बायका त्यावरून चेष्टा करतात.

काका हल्ली मुलाकडे, कागलला असतात. निरोप मिळालेला असूनही त्या संध्याकाळी त्यांनी हाळी का दिली? सवयीनं, की मित्राला आत वळू द्यायचं नव्हतं म्हणून? जाऊन विचारायचं, हे माझ्या यादीत कित्येक वर्षं पहिल्या ओळीत आहे. पुढं बरोबरची खूण अजून केलेली नाही.