एका मांडवातले दोन शालू

गिऱ्हाईक आलं की मोठ्याबाई आधी कपडा दाखवत नसत. पाणी देऊन विचारायच्या, "सोयरे कुठचे?" लग्नाला कोण कोण येणार हे कळल्याशिवाय शालूची घडी उलगडायची नाही. एका मांडवात दोघींच्या अंगावर आपला सारखा शालू दिसणार नाही, हा त्यांचा शब्द. त्या शब्दासाठी चांदूर बाजार, तेल्हाऱ्याची मोठी घरं अमरावतीला यायची.

त्यांचं काम घरच्या ओसरीवर चालायचं, तेव्हापासून मी पदरावर जर भरायला होते. मी बोलत नाही म्हणून बाया चिडवायच्या. बाई म्हणत, "राहू द्या तिले. तुमचं एक बोलनं होते, तवर तिचा एक मोर होते."

पुढे अमरावतीत तीन मजली दुकान झालं. दारावर बाईंच्या नावाची पाटी लागली. ते थोरला मुलगा पाहायचा. धाकट्याने त्याच नावाने अकोल्यात दुसरं काढलं. कोणता नमुना कोणत्या घरी गेला, ते बाई रोज दुपारी फोनवर धाकट्याला सांगत, त्याचं विचारून घेत. मग नमुने कोणाचे, यावरून भावाभावांत बिनसलं आणि थोरल्याने तो फोन बंद करायला लावला. बाईंनी त्याचं ऐकलं.

त्याच हंगामात बाळापूरला एका लग्नाचं बाईंना आमंत्रण होतं. सोबत मी. नवरीची आई अमरावतीचा शालू नेसलेली, वरमाय अकोल्याचा. दोन्ही डाळिंबी, पदरावर तेच मोर. बायका हसू लागल्या. वरमाय रडत खोलीत गेली. बाई मागोमाग गेल्या, स्वतःची पैठणी सोडून तिला नेसवली आणि तिचा शालू आपण नेसल्या. मग मागच्या दाराने निघाल्या. मी जेवायचं म्हटलं तर म्हणाल्या, "चाल पोरी. मले आता या मांडवात बसता येत नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पाट्या उतरवायला लावल्या. मुलांनी हातापाया पडून पाहिलं. "आपापल्या नावानं इका," एवढंच बोलल्या.

दोन्ही दुकानं अजून जोरात चालतात. बाई मात्र अंथरुणाला लागल्या तरी मला विचारायच्या, पाटी काहून काढली असं कोणी विचारते का? एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसून म्हणायचे, "रोज इचारतात, बाई."