रिठ्याच्या पाण्यातली हळद

घट बसायच्या आधी आमच्या हसनाबादेत दसरा काढतात, म्हणजे घर झाडूनपुसून घरातली चिंधीन् चिंधी धुतात. बाकीच्या बाया पावडर कालवून दोन दिवसांत मोकळ्या होतात. शेजारच्या नंदाबाई मात्र रात्री रिठे भिजत घालणार, सकाळी उकळून गार करणार आणि डोळे अर्धे मिटून कुस्करत बसणार. त्याचा फेसही मऊ, सावकाश येणारा, सायीसारखा. मी फार चिडवायची. "नंदाबाई, धुणं चाललंय का जप?" त्या नुसत्या हसायच्या.

खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या लग्नाआधीच त्यांचे वडील वारले होते, म्हणून विधवा मायला हळदीत पुढं येऊ दिलं नाही. मला ते आठवलं की आजही संताप येतो. सगळ्यांची हळद लावून झाल्यावर माय गर्दीतून मागून आली. वाटीतली उरलेली हळद तळव्याला घेऊन तिनं लेकीच्या पाठीवर, पदरावर हात टेकवला आणि निघून गेली. वर्षभरात ती वारली. हळदीच्या त्या पांढऱ्या सुती साडीवर तिचा पिवळा पंजा तेवढा राहिला. दसऱ्याला घरात न धुतलेला कपडा ठेवायचा नाही, आणि साबण लागला की हळद लाल होते, मग उतरते. म्हणून रिठा, आणि वाळवायचं तेही सावलीत. नंदाबाईंनी आपल्या मायचा हात असा जपला होता.

यंदा त्यांची लेक आकांक्षा जालन्याहून मदतीला आली. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. नंदाबाई शेतात गेलेल्या पाहून तिनं पेटीतलं सगळं काढून पावडरीत बुडवलं. मी ओट्यावर शेंगा निवडत होते, माझं तिकडं लक्षच नव्हतं. दुपार अशी होती की ढग जागचे हलत नव्हते आणि दोरीवरचे कपडे झोपेत श्वास घ्यावा तसे फुगत होते.

नंदाबाईंनी आल्या आल्या टबात पाहिलं. पंजा कुंकवासारखा लाल झाला होता.

"माय, जुना डाग होता, काढून राह्यले," आकांक्षा म्हणाली.

नंदाबाईंनी साडी उचलली, साध्या पाण्यातून काढली आणि वर रिठ्याचं पाणी ओतत राहिल्या. लाल हळूहळू विरला, खालून पिवळं वर आलं. आम्ही तिघी श्वास धरून बघत होतो. पण पंजा आला नाही. दोन बोटं आली, तीही फिकी.

"डाग न्हाई ग, माझी माय होती ती," नंदाबाई म्हणाल्या, आणि मग रडत रडत सगळं सांगितलं.

आकांक्षानं विचारलं, "माझ्या हळदीला तू कुठं असशील?"

"मी स्वयंपाकाकडं बघीन. हळद तुझी मावशी लावंल." नंदाबाईंचे मालक बद्रीनाथ वारून चार वर्षं झाली होती. हे उत्तर त्यांनी तेव्हापासूनच तयार ठेवलं असणार.

"मागून येऊ नकोस, माय," आकांक्षा म्हणाली. "सगळ्यात आधी तू. समोरून लाव, तोंडाला."

नंदाबाईंनी लेकीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. जणू सगळं गाव माझ्याच ओट्यावर बसलं होतं.

"हळदीची वाटी मी धरते," मी म्हणाले.